साडूभाऊंचे चारधाम

शारजात राहून क्रिकेट न पाहणारा माणूस एक तर नुकताच विमानातून उतरलेला असतो, नाही तर तो माझा साडू असतो. ज्या गावात सुट्टीच्या दिवशी प्रत्येक मोकळ्या पार्किंगमध्ये टेप गुंडाळलेल्या चेंडूचे तीन-तीन सामने एकमेकांत घुसून चाललेले असतात, जिथे टॅक्सीवाला पेशावरचा असो की केरळचा, सिग्नलला गाडी थांबली की आधी स्कोअर विचारतो, त्या गावात, तेही रोल्ला ह्या बाजारपेठेच्या ऐन गजबजाटात, हा गृहस्थ गेली सोळा वर्षं बेसबॉल नावाच्या खेळावर प्रेम करत बसला आहे. प्रेम अर्थात एकतर्फी. बेसबॉलला ह्यांची खबर नाही आणि रोल्लाला बेसबॉलची नाही. मधल्यामध्ये आम्ही नातेवाईक सापडलो आहोत.

साडू हे नातंच मुळात गमतीचं. दोन अनोळखी पुरुषांना एकाच सासुरवाडीने पंगतीत शेजारीशेजारी बसवलं, की ते एकमेकांचे साडू होतात आणि आयुष्यभर एकमेकांना भाजी सरकवत राहतात. माझे साडू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. मूळचे पुण्याचे, आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते क्वालिटी बघतात. म्हणजे इतरांनी केलेल्या कामात दिवसभर खोट काढतात आणि वर त्याचा पगार घेतात. ते मला ‘धाकटे जावई’ म्हणतात, मी त्यांना ‘साडूभाऊ’ म्हणतो. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, आम्ही सगळे ताई म्हणतो. साडूभाऊंच्या खिशात नेहमी तीन पेन्सिली असतात, तिन्ही ब्लेडने टोक केलेल्या. पेन त्यांना चालत नाही. पेनाने लिहिणाऱ्या माणसाला आपण चुकू शकतो हे मान्यच नसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

हे वेड लागलं त्याला कारण एक जपानी इंजिनिअर. त्यांची मुलगी रांगत होती तेव्हा हा माणूस कारखान्यात मशीन बसवायला तीन महिने येऊन राहिला होता. त्याला हिंदी येत नव्हतं, इंग्रजी बेताचंच, आणि साडूभाऊंचं जपानी ‘हाय’च्या पुढे जात नव्हतं. पण जेवणाच्या सुट्टीत तो लॅपटॉपवर बेसबॉलचा सामना लावायचा आणि चौकोनाचौकोनांच्या एका वहीत पेन्सिलीने खुणा करत बसायचा. साडूभाऊ डब्यातली पोळी खाता खाता त्याच्या खांद्यावरून बघायचे. प्रत्येक खेळाडूला एक ओळ, त्याच्या प्रत्येक पाळीला एक छोटा चौकोन, आणि त्या चौकोनात खेळाडू कसा पळाला, कुठे पोचला, कोणाच्या हातून बाद झाला, सगळं. दहा वर्षांनी वही उघडली तरी सबंध सामना परत डोळ्यांसमोर उभा राहावा. दिवसभर तपासणीचे तक्ते भरणाऱ्या माणसाला ह्याहून मोठं सुख ते काय दाखवणार? जाताना जपान्याने ती वही भेट दिली. ती भरल्यावर साडूभाऊंनी रोल्लातल्या छापखान्यातून तशाच वह्या छापून घ्यायला सुरुवात केली. छापखानेवाल्याला अजूनही वाटतं की हा कुठल्या तरी बांधकामाचा हिशेब आहे.

तेव्हापासून ते पहाटे उठतात, आंघोळ करतात, देवापुढे उदबत्ती लावतात आणि तिचा वास घरात दरवळत असतानाच लॅपटॉप उघडतात, कारण अमेरिकेतली संध्याकाळ ही आपली पहाट. ताईंना त्यातलं काही कळत नाही, एवढंच कळतं की “महिन्याला शंभर दिरहम, म्हणजे तेवीसशे रुपये, कशाला, तर न दिसणारा चेंडू बघायला!” पण ताई चहा मात्र न चुकता देतात.

सगळ्या बेसबॉलमध्ये साडूभाऊंचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला आहे. ती समजावून सांगायला त्यांना साधारण पाऊण तास लागतो, मी थोडक्यात सांगतो. मैदानावर चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार बेस असतात. फटका मारून एका बेसपर्यंत पोचलात तर तो साधा फटका, दोनपर्यंत पोचलात तर दोनाचा, तीनपर्यंत तिनाचा, आणि सबंध फेरी मारून परत घरी आलात तर होमरन. आता एकाच खेळाडूने एकाच सामन्यात हे चारही प्रकार करून दाखवले, तर ते फार दुर्मिळ समजतात. मोठमोठ्या फलंदाजांची कारकीर्द त्यावाचून संपते. अमेरिकेत त्याला सायकल म्हणतात. साडूभाऊ चारधाम म्हणतात, कारण सायकल म्हटलं की पुढचा माणूस “गिअरची का?” असं विचारतो.

आणि ह्या चारधामाची जगात काडीची दखल कोणी घेत नाही, हे साडूभाऊंचं जन्माचं दुःख. आमच्याकडे गणपतीच्या आरतीनंतर, कोणाच्या मुंजीत, एकदा तर दवाखान्यात नंबर येईपर्यंत, त्यांनी ह्यावर व्याख्यान दिलेलं मी ऐकलं आहे. “क्रिकेटमध्ये शतक झालं की काय होतं? नव्याण्णववर सगळं स्टेडियम श्वास धरून बसतं. कारण आकडा समोर लिहिलेला असतो! इथे तीन फटके झाले, एक राहिला, हे कुठल्या फळ्यावर लिहिलेलं नसतं. ज्याने पहिल्यापासून लक्ष दिलं त्यालाच ठाऊक. आणि शेवटचा फटका बऱ्याचदा एका बेसचा असतो, हो! सगळ्यात चिल्लर. कोण टाळ्या वाजवणार? बरं, फलंदाजाने बॅट उंचावावी म्हटलं तर ती पळताना फेकून दिलेली!” मग आवाज खाली आणून म्हणतात, “आणि खरं सांगू का धाकटे जावई, संघाला ह्याचा वेगळा उपयोग काही नाही. दोन होमरन मारले तर जास्त फायदा. एक, दोन, तीन आणि चार ह्यांची मिळून एक छान वस्तू होते, पण बेरीज वाढत नाही. ज्याने बेरीज वाढत नाही त्याला लोक विचारत नाहीत.” हे म्हणताना ते कधीकधी आपल्या कारखान्याबद्दल बोलत असावेत असं मला वाटतं. सोळा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेला एकही व्हॉल्व्ह गळला नाही, आणि न गळलेल्या व्हॉल्व्हबद्दल कोणी अभिनंदनाची मेल पाठवत नाही.

इतकं करून त्यांनी स्वतः एकही चारधाम पाहिलेला नव्हता. पाहिलेला म्हणजे घडताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही समोर ठेवून. तीनदा हातातोंडाशी आलेला घास गेला. पहिल्यांदा फलंदाजाचे तीन झाले आणि खाली कंपनीची बस “यल्ला, यल्ला” करत हॉर्न द्यायला लागली. चौथा फटका बसला तेव्हा हे अजमानच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकले होते. दुसऱ्यांदा इंटरनेट गेलं. तिसऱ्यांदा मुलीला ताप होता, तिला खांद्यावर घेऊन ते खोलीत येरझारा घालत होते, आणि ज्या क्षणी ते घडलं त्या क्षणी त्यांची पाठ पडद्याकडे होती. रेकॉर्ड करून नंतर पाहिलेलं ते धरत नाहीत. “ते म्हणजे तेराव्याला जाऊन आजारपणाची चौकशी करण्यासारखं,” असं ते म्हणतात. आयुष्यात एकदा डोळ्यांदेखत चारधाम घडावा आणि तो आपल्या पेन्सिलीने वहीत उतरवावा, एवढीच त्यांची इच्छा. एखाद्याची बंगल्याची असते, एखाद्याची युरोप टूरची.

ह्या वहीने त्यांना आणखी एक खोड लावली. बेसबॉलमध्ये फलंदाज बेसवर पोचला, की तो स्वतःच्या फटक्यामुळे पोचला की समोरच्याने चेंडू सोडला म्हणून पोचला, हे ठरवावं लागतं. समोरच्याची चूक असली तर फटका फलंदाजाच्या नावावर लागत नाही. आणि हे पंच ठरवत नाही, वही लिहिणारा ठरवतो. कसोटी एकच: साध्या प्रयत्नात जमलं असतं का? जमण्यासारखं असून जमलं नाही, तर ती चूक. ही कसोटी साडूभाऊ सगळ्या जगाला लावतात. मराठी मंडळाच्या जेवणात वाढप्याच्या हातून माझ्या पानाबाहेर श्रीखंड पडलं, तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “ह्यांची चूक नाही, तुम्ही ऐनवेळी पान सरकवलंत.” दुबईतल्या माझ्या विमा कंपनीतून येताना ट्रॅफिकमुळे मला दीड तास उशीर झाला तर म्हणाले, “अर्धा तास आधी निघणं हा साधा प्रयत्न होता. चूक तुमची.” माझ्या बायकोची पुरणपोळी तव्यावर फाटली तेव्हा मात्र त्यांनी पुरण चाखलं, तवा पाहिला, आणि बराच विचार करून तव्याला दोषी धरलं. साडू झाला तरी माणूस शहाणा आहे.

बापाने एवढं केल्यावर मुलगी त्याच वाटेला जाणार नाही तर काय. माझी ही भाची, मनू, इथेच जन्मली, इथेच वाढली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. दुबईत अमेरिकन, जपानी, कोरियन, फिलिपिनो आईबापांनी मिळून मुलामुलींची एक बेसबॉल लीग चालवली आहे, त्यात ती आठव्या वर्षापासून खेळते. संघात भारतीय ती एकटीच. आणि वही लिहायला कोणी तयार नव्हतं म्हणून सबंध लीगचे अधिकृत वहीवाले साडूभाऊ. मानधन म्हणून पाण्याची एक बाटली आणि ‘थँक यू, सर’ मिळतं. मुलगी मैदानावर असली तरी ते तिच्याकडे बाकीच्या खेळाडूंसारखंच बघतात, तिच्या नावाने कधी ओरडत नाहीत. ताईंना ह्याचा राग येतो. “अहो, निदान एकदा शाब्बास तरी म्हणा!” म्हणतात. ह्यांचं उत्तर ठरलेलं, “वही लिहिणाऱ्याला मुलगी नसते.”

मागच्या हिवाळ्यात मनूचा शेवटचा सामना अल ऐनला होता. ती बारावीत, पुढे शिकायला कॅनडाला जायचं नक्की झालेलं. साडूभाऊंची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेलो. मैदानाला कुंपण नव्हतं, पलीकडे खजुरीची झाडं होती, ऊन कोवळं होतं. आम्ही दोघं एका छत्रीखाली टेबल मांडून बसलो. पहिल्याच पाळीत मनूने चेंडू दोन खेळाडूंच्या मधून असा काढला की तो थेट खजुरींकडे गेला, आणि ती तिसऱ्या बेसवर जाऊन थांबली. तिनाचा फटका, चारांतला सगळ्यात अवघड. साडूभाऊंनी शांतपणे चौकोनात रेघा ओढल्या. दुसऱ्या पाळीत चेंडू त्याहून लांब गेला आणि ती सबंध फेरी मारून घरी आली. साडूभाऊंनी पेन्सिल बदलली. तिसऱ्या पाळीत दोनाचा. आता राहिला होता एका बेसचा, सगळ्यात सोपा.

मी म्हटलं, “साडूभाऊ, म्हणजे आता फक्त—”

त्यांनी पेन्सिल ओठांवर आडवी धरली. चेहरा पांढरा पडला होता. मी आजूबाजूला बघितलं. आईबाप सँडविच खात होते, प्रशिक्षक फोनवर होता, मनूचा संघ सात धावांनी मागे पडला होता आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. त्या मैदानावर काय चाललं आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. सोळा वर्षं ऐकलेली व्याख्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

शेवटच्या डावात मनू चौथ्यांदा आली. तिने फटका मारला, पण हा काही खजुरींकडे गेला नाही. चेंडू गवतावरून घरंगळत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या खेळाडूकडे सरळ गेला, त्याच्या ग्लोव्हला लागला आणि पायाशी पडला. त्याने उचलून फेकेपर्यंत मनू पहिल्या बेसवर पोचली होती. मी उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवायला लागलो. सबंध मैदानात मी एकटाच.

“झाला! साडूभाऊ, झाला चारधाम! लिहा!”

साडूभाऊ वहीकडे बघत बसले होते. “चेंडू सरळ हातात आला होता,” ते म्हणाले.

“आला असेल. पण उसळला ना जरा.”

“उसळला?” त्यांनी वर बघितलं. इतक्या आशेने त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं, मी त्यांच्या मेहुणीशी लग्न केलं तेव्हाही नाही. “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं की.”

“कुठे उसळला?”

मी हात करून कुठलीतरी जागा दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. गवत गालिच्यासारखं सपाट होतं. “धाकटे जावई,” ते हळूच म्हणाले, “विम्यात चालतं हे?”

“अहो, पण कोण विचारणार आहे? कोणाला माहीतसुद्धा नाही!”

“तेच तर,” ते म्हणाले. “कोणी बघत असतं तर मी एखाद वेळेस दिलाही असता. दुसरा कोणीतरी चूक दाखवेल म्हणून.” आणि त्यांनी त्या चौकोनात, बाकीच्या सगळ्या अक्षरांइतक्याच स्वच्छ अक्षरात, इंग्रजी ई आणि पुढे सहाचा आकडा लिहिला. सहा नंबरच्या खेळाडूची चूक. फटका नाही.

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. लेकीचा शेवटचा सामना, आयुष्यभराची इच्छा, हातात पेन्सिल, आणि ह्या माणसाने व्हॉल्व्ह नापास करावा तसा तो फटका नापास केला! मनूचा संघ हरला, बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं, आम्ही गाडीत बसलो. मी दार मुद्दाम जोरात लावलं. मनू मागे बूट काढून पाय पसरून बसली होती. दोन्ही बाजूंना वाळू, तारेच्या कुंपणापलीकडे उंट. वाटेवरचं मदाम गाव जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, “बाबा, लास्ट वन. व्हॉट डिड यू गिव्ह मी?”

“एरर,” साडूभाऊ पुढे बघतच म्हणाले.

“येस,” ती म्हणाली. “ ही शुड हॅव हॅड दॅट.” आणि तिने चिप्सचं पाकीट फोडलं.

मी आरशातून विचारलं, “म्हणजे तुला माहीत होतं? एकच राहिला होता ते?”

“काका,” ती म्हणाली, “आय लिव्ह विथ धिस मॅन.”

साडूभाऊंनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि शारजा येईपर्यंत उंट मोजण्याचं सोंग केलं. माझा राग कुठे गेला मला समजलं नाही. मला एकदम त्या दोघांबद्दल फार प्रेम वाटलं आणि थोडा हेवाही.

ताईंचा राग मात्र गेला नाही. “दिला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं? स्वतःची मुलगी! मेली एक पेन्सिल फिरवायची होती!” नीट रागावता यावं म्हणून ताईंनी त्या संध्याकाळी माझ्याकडून फटका, चूक, चारधाम, सगळं समजून घेतलं. सोळा वर्षांत साडूभाऊंना जे जमलं नव्हतं ते एका तासात झालं. मग त्या तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, पण पहाटेचा चहा लॅपटॉपशेजारी येत राहिला.

ऑगस्टमध्ये मनू गेली. तिला विमानतळावर सोडून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोल्लाला गेलो, तर साडूभाऊ टेबलाशी ती वही उघडून बसले होते. समोर पोलादी पट्टी, ब्लेड, आणि वहीत एका पानाच्या जागी शिवणीपाशी उरलेली बोटभर पट्टी. मी चमकलो. ह्या माणसाच्या धंद्यात रजिस्टरचं पान फाडणं म्हणजे महापाप. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, पान तसंच ठेवायचं. त्यांच्या कुठल्याच वहीतून आजवर एक कपटा गेला नव्हता.

“अल ऐनचं. मनूबरोबर गेलं,” ते म्हणाले. “काल बॅग भरताना म्हणाली, बाबा, दॅट पेज मला दे. म्हटलं, फोटो काढून घे. नको म्हणाली, ओरिजिनल. म्हटलं, अगं, त्यात काही नाही, त्यात एरर आहे. तर म्हणाली, आय नो, बाबा. दॅट्स द वन आय वॉन्ट.”

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. उरलेल्या पट्टीवर त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: काढलेली पानं, एक. कोणी काढलं, त्याची सही, केलेली. साक्षीदाराची सही, रिकामी. कारण, रिकामं.

“साक्षीदार तुम्ही,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्हीच होतात.”

“आणि कारण?”

त्यांनी पेन्सिल उचलली, टेकवली, परत उचलली. खाली पार्किंगमध्ये पोरं कोणीतरी बाद झाल्यावरून भांडत होती. मग त्यांनी वही परत स्वतःकडे ओढली आणि त्यांच्या त्या स्वच्छ, तपासनिसाच्या अक्षरात लिहिलं: ‘मुलीने मागितले.’

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी खाली सही केली आणि तारीख घातली.